वानरांविरुद्धचा अर्ज

चोपड्याहून सातपुड्याकडे निघालेली एस.टी. ज्या गावात वळून माघारी फिरायची, त्या गावात मी नर्स म्हणून अकरा वर्षं होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. माझं वय पंचविशीच्या आतबाहेर, लग्न होऊन मोडलेलं. माहेर सोनगीरचं, तिथे एकटी आई. नोकरीचा कागद हातात पडला तेव्हा आई म्हणाली होती, "जंगलमा टाकी दिन्हं तुले." मला मात्र सुटल्यासारखं झालं होतं. जिथे कुणी ओळखत नाही आणि काही विचारत नाही, असं गाव मला हवंच होतं.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. एकीत मी राहायची, दुसरीत बाळंतपणाचं टेबल, औषधांचं कपाट आणि वजनकाटा. वर कौलं. मागच्या दाराला लागून आबांचं शेत, शेताच्या कडेने नाला, आणि नाल्यापलीकडे जंगल सुरू व्हायचं ते थेट डोंगरावर चढत जायचं. अंजन, सालई, धावडा, मोह, टेंभुर्णी. नाल्याच्या दोन्ही काठांना जांभूळ, उंबर आणि करंज इतक्या दाटीने उभे होते की चैत्र-वैशाखातही खाली उभं राहिलं तर अंगावर ऊन पडत नसे.

वानरं मी पाहिली त्याच्या आधी ऐकली. पहिल्याच आठवड्यात सकाळी दात घासत मागच्या दारात उभी होते, तेव्हा डोंगराकडून 'हूप' असा आवाज आला. इतका खोल की पोटात जाणवावा. मी चूळ न भरताच आत पळाले. दुपारी आख्खा कळप नाल्यावर उतरला. काळी तोंडं, राखाडी अंगं, पाठीवरून पुढे वळवलेल्या लांब शेपट्या. तीसेक तरी असतील. एका काठाच्या उंबरावरून दुसऱ्या काठाच्या जांभळावर, तिथून करंजावर, असा त्यांनी जमिनीला पाय न लावता नाला ओलांडला. पोटाला बिलगलेली काळीभोर पिल्लं, त्यांची तोंडं तेवढी गुलाबी.

"ती तेस्नी वाट शे, बाई," माझ्यामागे उभी असलेली अक्का म्हणाली.

अक्का पाड्यावरची सुईण. गावातली आणि पाड्यावरची निम्मी माणसं तिच्या हातून या जगात आलेली. माझ्याकडे सरकारी प्रशिक्षण होतं आणि तिच्याकडे हात होते. पहिल्या दोन बाळंतपणांतच मला कळलं की आपण हिच्याकडून शिकायचं आहे. तीही मला शिकवत गेली, बाळंतपणापलीकडचंही. वानरं जांभळाखाली किती फळं टाकतात, त्यावर हरणं कशी येतात. धावड्याचा डिंक त्यांना कसा आवडतो. एकदा संध्याकाळच्या आधी मी पाड्यावर गोळ्या द्यायला निघाले होते. वानरं नाल्यावर खोकल्यासारखा आवाज करत होती, एक थांबलं की दुसरं. अक्काने माझ्या हातातली पिशवीच काढून घेतली.

"आज जाऊ नको, बाई. बिबट्या शे नालामा. त्या सांगी राह्यनात, आयकू येत नही का तुले?"

दुसऱ्या दिवशी पाड्यावरच्या एकाचं वासरू गेलेलं होतं. तेव्हापासून मीही कान देऊ लागले.

आबा म्हणजे मागच्या शेताचे मालक. सत्तरीकडे झुकलेले, पांढरं धोतर, डोक्याला रुमाल. त्यांची शेती पावसावरची. कापूस, ज्वारी, तूर. नाल्याकडच्या तुरीच्या दोन ओळी ते वानरांच्याच समजायचे. शेंगा धरल्या की त्या ओळींकडे बघायचेच नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "त्या मन्हा बापना बी आधी शेतस अठे." एवढंच. वानर म्हणजे मारुतीरायाचं रूप वगैरे ते बोलले नाहीत. शेजारी राहणाऱ्या जुन्या कुटुंबाबद्दल बोलावं तसं बोलले.

डोंगरावरच्या जंगलाचा पहिला तुकडा पडला तो अक्काच्याच मुलांनी पाडला. दोघंही मोठे, बायका-लेकरांचे धनी. मजुरीला खाली केळीपट्ट्यात जायचे, चार महिने घर बंद असायचं. त्या वर्षी सगळा पाडाच डोंगरावर चढला होता. कुऱ्हाडींचा आवाज दिवसभर यायचा. मग उन्हाळ्यात त्यांनी वाळलेल्या फांद्या पेटवल्या, आणि पावसाळ्यात काळ्या बुंध्यांच्या मधून ज्वारी उगवली. मी अक्काला काय बोलणार होते? त्या हिवाळ्यात तिच्या नातवंडांची वजनं माझ्या काट्यावर पहिल्यांदा वाढली. मी ती रजिस्टरमध्ये लिहिली आणि मला आनंद झाला. तो आनंद खोटा नव्हता.

पण त्या उन्हाळ्यापासून वानरं डोंगरावरून खाली सरकली. पूर्वी ती दुपारची यायची आणि जायची. आता नाल्यावरच मुक्काम करू लागली.

मग गावात पंप चालवणारी मोठी वीज आली. डीपी बसला, तारा ओढल्या गेल्या, बोअर झाले. खालच्या गावांतून केळीचे कंद आले. आबांच्या मुलांनी चार एकर केळी धरली. हिरवीगार, नजर ठरू नये अशी बाग. दुसऱ्या वर्षी त्यांना नाल्याकडची जमीनही हवी झाली. झाडांची सावली पडते, मुळ्या पाणी ओढतात, आणि ट्रक बागेपर्यंत यायला रस्ता नाही.

झाडं तोडायला माणसं आली त्या दिवशी मी दवाखान्यात लसी टोचत होते. आबांचा आवाज ऐकून बाहेर आले. ते मोठ्या जांभळाच्या बुंध्याशी उभे होते. समोर थोरला मुलगा.

"आबा, बाजूले व्हा. केळीले सावली चालत नही."

"तोडाले दोन दिन. वाढाले मन्हा बापना जल्म ग्या."

"मंग काय कराव? कोरडवाहूवर पोट भरस का?"

वाटलं होतं ते ओरडतील, निदान आडवे होतील. ते नुसते बाजूला झाले आणि माझ्या पायरीवर येऊन बसले. मी पाणी दिलं. पेला हातात धरून ते कुऱ्हाडीचा आवाज ऐकत राहिले. तीन दिवसांत या काठाला एकही झाड उरलं नाही. पलीकडच्या काठाला एक उंबर आणि दोन करंज तेवढे राहिले, कारण ती जमीन त्यांची नव्हती.

त्यानंतर वानरं जमिनीवरून चालू लागली. ज्यांनी जमिनीवरची वानरं पाहिली नाहीत त्यांना सांगून कळणार नाही, झाडावरचा तो तोरा खाली येताच कसा गळून जातो. कळपाने दबकत, थांबत, मागे बघत नाला ओलांडायचा आणि गावातली कुत्री त्यांच्यावर धावून जायची. पहिल्या वर्षी दोन पिल्लं कुत्र्यांनी मारली. मग कुत्री चुकवायला ती घरांवर चढली. नाल्यापलीकडचा उंबर, तिथून विजेचा खांब, खांबावरून माझ्या दवाखान्याचं छप्पर, तिथून पुढे आबांचं घर आणि केळी. ही त्यांची नवी वाट झाली. माझी कौलं फुटू लागली. पावसाळ्यात बाळंतपणाच्या टेबलावर पाणी गळायचं. मी आणि अक्का एका हाताने पेशंट धरायचो आणि एका हाताने पातेलं.

एका सकाळी बाहेर मोठा स्फोट झाल्यासारखा आवाज झाला आणि दिवे गेले. धावत गेले तर खांबाखाली एक मादी पडली होती. तळहात आणि एक पाय जळून काळा झालेला, डोळे उघडे. तिच्यापासून हातभर अंतरावर पिल्लू. जिवंत होतं. उजव्या कानाचं टोक भाजलेलं, बाकी धड. ते सरकत सरकत आईकडे जात होतं आणि तिच्या छातीला तोंड लावत होतं.

मी त्याला उचलून आत आणलं. वजनकाट्यावर ठेवलं नाही, एवढं भान राहिलं. शेळीचं दूध उकळून ड्रॉपरने थेंब थेंब घातलं. कानाला मलम लावलं. रात्रभर ते माझ्या पदराला धरून होतं. माणसाच्या तान्ह्याची मूठ असते ना, तश्शीच मूठ, फक्त सुटायची नाही. माझं स्वतःचं मूल नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी मनात ठरवून टाकलं होतं की आता हे आपलंच.

अक्का आली आणि तिने माझ्याकडे बघून सगळं ओळखलं.

"दे ते," ती म्हणाली.

"अक्का, ते मरी जाई."

"तुन्हाजवळ ऱ्हाई त मरी. तिन्या बहिणी देख, कव्हयन्या वर बठेल शेतस."

खरंच, समोरच्या छपरावर पाच-सहा माद्या बसून होत्या. आदल्या दिवसापासून हलल्या नव्हत्या. मला वाटलं होतं त्या केळीसाठी बसल्यात. अक्काने माझ्या पदरातून एक एक बोट सोडवलं, पिल्लाला अंगणातल्या सरपणाच्या ढिगावर ठेवलं आणि मला ओढून दाराआड घेतलं. पिल्लू किंचाळलं. क्षणात एक म्हातारी, शेपटीचं टोक तुटलेली मादी खाली आली, तिने ते उचललं, हुंगलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि छातीशी लावून वर गेली. वर गेल्यावर दुसरीने घेतलं, मग तिसरीने. तिसरी अंगावर पाजणारी होती. तिने त्याला दूध दिलं.

मी दाराआड रडत होते. अक्का म्हणाली, "रडू नको. बाळंतपण व्हयनं असं समज."

ते पिल्लू जगलं. मादी होती. कानामुळे ओळखू यायची. छपरावरून जाताना मी तिला बघायची. तिने माझ्याकडे कधी वेगळं पाहिल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या तीन वर्षांत डोंगर जवळजवळ बोडका झाला. पाड्यावरच्यांनी तोडलं ते डोळ्यांना दिसायचं. सागाचे ओंडके कोण, कुठे नेत होतं ते कुणाला दिसत नव्हतं, किंवा सगळ्यांना दिसत होतं. उरलेलं शेळ्यांनी आणि सरपणाने खाल्लं. माझ्या चुलीतही तेच सरपण होतं. कळप अठरा-वीसवर आला. पाला मिळेना म्हणून वानरं केळफुलं, केळीची कोवळी पानं आणि घड खाऊ लागली, घरात शिरून भाकरी उचलू लागली. लोक गोफण चालवायचे, फटाके लावायचे. एकाने नर वानराच्या अंगावर उकळतं पाणी फेकलं. पूर्वी पिल्लं बघून हसणाऱ्या बाया आता परड्यात जाताना काठी घेऊन जात.

आणि मग आबांच्या धाकट्या सुनेचं झालं.

तिला सातवा महिना होता, पहिलटकरीण. मागच्या अंगणात भाकरीची टोपली घेऊन ती पायऱ्या उतरत होती. भिंतीवरून वानर आलं, टोपलीला हात घातला आणि ती पडली. मला बोलवायला आले तेव्हा रक्त वाहत होतं. जीप मिळेपर्यंत उशीर झाला. मूल माझ्या हातात आलं ते गेलेलंच. मुलगा होता. डोकंभर केस होते. अक्काने त्याला पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि आबांच्या हातात दिलं. फडक्याचा कोपरा उडत होता तो आबांनी नीट खोचला.

चौथ्या दिवशी गावाचा जंगलखात्याकडे अर्ज झाला. वानरांचा बंदोबस्त करावा. बागांचं नुकसान, घरांचं नुकसान, आणि एका गरोदर बाईच्या बाळाचा मृत्यू. खाली सह्या आणि अंगठे. आबांचा थोरला मुलगा अर्ज घेऊन माझ्याकडे आला.

"बाई, तुन्ही सही व्हयनी म्हंजे काम व्हई. दवाखानानी सही शे म्हनीसन."

माझ्या नाकात अजून त्या खोलीतला वास होता. मी पेन घेतलं. सही केली, खाली शिक्का मारला. अक्का वऱ्हांड्यात बसून सुपारी कातरत होती. तिने पाहिलं का, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

अर्जाचं पुढे काय व्हायचं ते होण्याआधीच गावाने आपला बंदोबस्त केला. वानरं पकडणारा एक माणूस बाहेरून आणला. पन्नाशीचा, शांत, हळू बोलणारा. त्याने आबांच्या बागेच्या तोंडाशी मोठा जाळीचा पिंजरा उभा केला, वर खटक्याचं दार. आत केळी आणि शेंगदाणे. पहिले तीन दिवस त्याने दार पाडलंच नाही. वानरं आत जायची, खायची, बाहेर यायची. चौथ्या दिवशी सकाळी त्याने दोरी सोडली.

मी पाहायला नको होतं. पण आवाज असा होता की घरात थांबता येईना. आत दहा-बारा होती. बाहेर राहिलेल्या माद्या पळाल्या नाहीत. त्या जाळीला लटकल्या, आतल्या पिल्लांचे हात धरून. त्याने दाराची एक बाजू किंचित उचलली की त्या आपण होऊन आत शिरायच्या. "मायबाया अशाच येतात," तो मला म्हणाला, "त्यांना पकडावं लागत नाही." त्याने ते फुशारकीने सांगितलं नाही. त्याच्या हातावर चावा होता, रक्त गळत होतं. मी त्याला आत नेऊन जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. भाजक्या कानाची ट्रकमध्ये चढवलेल्या पिंजऱ्यात बसलेली मला दिसली. तिच्या पोटाला आता तिचं स्वतःचं काळं पिल्लू होतं.

सतरा वानरं गेली. मोठा नर तेवढा राहिला. पंधरा दिवस तो नाल्यापलीकडच्या उंबरावरून सकाळी हूप करायचा आणि थांबून ऐकायचा. सोळाव्या दिवशी आवाज आला नाही.

तो पकडणारा आठवड्याभरातच परत येऊन शेजारच्या गावात काम करू लागला होता. जखमेचं ड्रेसिंग बदलायला माझ्याकडे आला, तेव्हा मी विचारलं, "कुठे सोडलं?"

"डोंगरात, बाई. मला घराकडे जायचं होतं. तापी ओलांडून नरडाण्याच्या पुढे, सोनगीरच्या अलीकडे डोंगर लागला, तिथे दार उघडलं."

मी पट्टी गुंडाळायची थांबले. त्या डोंगरांवर मी लहानपणी शेण गोळा करायला जायची. तिथे दगड आहेत, कुसळाचं गवत आहे आणि निवडुंग आहे. सावलीला बसायला म्हणून आम्ही किल्ल्याच्या भिंतीशी जायचो, कारण झाड नव्हतं.

"तिथे झाड नाही हो दादा," मी म्हणाले.

त्याने खाली पाहिलं. "झाडं कुठे आहेत, तुम्ही सांगा. तिथे सोडत जाईन."

मी उरलेली पट्टी गुंडाळली.

महिन्याभराने आबांची सून माहेरहून परत आली. मी भेटायला गेले. तिने मला परड्यात नेलं आणि सासू लांब आहे हे बघून म्हणाली, "बाई, एक सांगू का? वांदरनी मले धक्का नही दिन्हा. मन्हा डोळासमोर अंधारी उनी व्हती. मी पडनू, मंग टोपली पडनी, मंग त्यानी भाकर उचली."

"मग बोलली का नाहीस?"

"बठ्ठा वांदरना नाव लेत व्हतात. मन्हा नाव लेतात त्यापेक्षा बरं."

ती पडली त्याच्या आधीच्या आठवड्यात ती माझ्याकडे गोळ्या न्यायला आली होती. तिचे पाय सुजलेले मी पाहिले होते. रक्तदाबाचं यंत्र बिघडून तालुक्याला गेलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला चोपड्याला पाठवू असं मनात म्हटलं आणि कामाच्या रगाड्यात राहून गेलं. हे मी तिला सांगितलं नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून आले.

त्या रविवारी मी सोनगीरला गेले. आईला वाटलं मी तिला भेटायला आले. पायातल्या चपला न काढताच मी विचारलं, इकडे वानरं आली आहेत का?

"अवं हाऊ, उनी व्हतीत," आई म्हणाली. "तोंडं काळी. लोके पोळ्या टाकेत. शनिवारले त बायास्नी रांग लागे. कथाइन उनीत, देव जाने."

"आता कुठे आहेत?"

आईने हाताने रस्ता दाखवला. "दोन त ट्रकखाले ग्यात. एक विहीरमा पडनं. बाकीन्या नीमवर ऱ्हातस."

मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला, थांब्याजवळ, एक निंबाचं झाड होतं. दुपारचं ऊन. ट्रकमागून ट्रक. झाडावर मला पाच वानरं दिसली. अंगावरचे केस विरळ झालेले, बरगड्या मोजता याव्यात अशी. ती निंबाचा पाला खात होती. खालच्या फांदीवर भाजक्या कानाची होती. पोटाला पिल्लू नव्हतं.

मी झाडाखाली उभी राहिले. बोलवावं तर काय म्हणून? मी तिला कधी नाव ठेवलं नव्हतं. समोरच्या हॉटेलवाल्याने एक शिळा पाव रस्त्याच्या कडेला टाकला. ती उतरली, हॉर्न वाजला, ती मागे पळाली. पुन्हा उतरली. पाव उचलला आणि माझ्यापासून दोन हातांवरून झाडावर गेली. माझ्याकडे तिने पाहिलं, जसं कुठल्याही बाईकडे पाहावं.

मी धुळ्याला जाऊन जंगलखात्यातल्या एका वयस्क माणसाला भेटले. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. "पकडून परत नेता येतील," तो म्हणाला. "पण बाई, नेऊन सोडायचं कुठे? तुमच्या गावातून तुम्हीच काढलीत ना?" तो टोमणा नव्हता. त्याला खरंच ठिकाण हवं होतं. मी बसल्या बसल्या डोंगराची एक एक घळ आठवून पाहिली. नाल्यापलीकडच्या तीन झाडांशिवाय काही आठवेना.

परत गेल्यावर मी अक्काला सगळं सांगितलं. सुनेचं, तिच्या सुजलेल्या पायांचं, निंबाच्या झाडाचं. आणि अर्जावरच्या सहीचं.

"मी देखं व्हतं," अक्का म्हणाली.

"मग अडवलं का नाहीस?"

तिचे हात मांडीवर होते, इतकी बाळं झेललेले हात. "कसं अडवू? मन्हा पोऱ्यास्नीच पहिलं झाड तोडं. तव्हय मी बी त्यास्ले भाकर लई गवतू."

पावसाळ्यात आईचं पोस्टकार्ड आलं. तिने शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलं होतं. तब्येत बरी आहे, छप्पर शाकारलं, आणि शेवटी एक ओळ, तू विचारलेली वानरं आता दिसत नाहीत.

मी वर्षभराने बदली मागून घेतली. जामनेरच्या बाजूला मिळाली, काळ्या जमिनीचा मुलूख. निघायच्या दिवशी आबा एस.टी.पर्यंत आले. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. उपकेंद्राची कौलं काढून नुकतेच पत्रे टाकले होते. "आते गळत नही ना, बाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही आबा, आता गळत नाही. ते मान हलवत उभे राहिले आणि गाडी सुटली.